जगलो-वाचलो तर

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कोणाचं, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. ते माझ्या आत्याचं. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. सोलापूरच्या एका गिरणीत रिळं भरण्याचं काम करायची आणि तिला लिहिणं-वाचणं येत नव्हतं. वडिलांनी मला मेंढरं राखायला शिकवलं, त्याबद्दलही मी कृतज्ञ आहे. पण मी पदवीधर झालो तो आत्यामुळे, आणि मॅट्रिकच्या उंबऱ्यावर एकदा बुडता बुडता राहिलो तोही तिच्यामुळेच. इंग्रजी व्याकरणातला एक लांबलचक काळ आणि आत्याचं एक आखूड वाक्य यांची तेव्हा गाठ पडली होती. तो प्रसंग आठवला की आता हसू येतं.

आमचं गाव वैरागच्या पलीकडे. घरात अक्षरओळख असलेला मी पहिला. मराठी शाळा संपली तेव्हा वडिलांच्या मनात मला मेंढरांमागं पाठवायचं होतं. आत्या जत्रेला आली होती. ती म्हणाली, "चार मेंढरं कमी राख की. ह्ये पोरगं मला दे."

"तुज्या एका खोलीत कुटं ठिवशील त्याला?" वडील म्हणाले.

"मी झोपते तितंच. त्यो काय हत्ती हाय व्हय?"

अशा रीतीनं मी सोलापूरला आलो. गिरणीच्या चाळीत आत्याची खोली होती. सकाळच्या भोंग्याला ती बाहेर पडे आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर परत येई, तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. मी ते वेचून काढी आणि ती मला शाळेतलं काय काय विचारी. तिला कळत काही नव्हतं, पण विचारल्याशिवाय ती भाकरी थापायला बसत नसे.

आत्याच्या घरात एकच नियम होता. पुढच्या काळाबद्दल काही बोललं की मागून "जगलो-वाचलो तर" म्हणायचं. "उद्या डाळ आणायची हाय, जगलो-वाचलो तर." "पोर्णिमेला गावाकडं जाऊन येऊ, जगलो-वाचलो तर." बोलणारा विसरला तर त्याच्या वाटचं ती स्वतः म्हणून टाकी, मोठ्यानं नव्हे, ओठांतल्या ओठांत. भाजीवाली "उद्या मेथी आणते" म्हणून डोक्यावर पाटी घेई आणि आत्या तिच्या पाठमोऱ्या पदराकडे बघत ओठ हलवी. चाळीतल्या बायका तिची थट्टा करत.

"आत्याबाई, उद्या दिस तरी उगवंल का न्हाय?"

"उगवंल की. त्याला काय धाड भरलीय? बघाया आपुन असलो म्हंजी झालं."

त्या हसत, तीही हसे. पण नियम मोडत नसे. का, ते मला फार उशिरा, कॉलेजात असताना कळलं आणि तेही वडिलांकडून. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली, दसऱ्याच्या दिवशी, आत्याचे यजमान चाळीच्या दारात उभे राहून लोकांना सोनं वाटत होते. आत्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवून ते म्हणाले होते, "पुढच्या दसऱ्याला आपुन आपल्या सोताच्या दारात सोनं वाटत असू, बघ." ती दिवाळी त्यांनी पाहिली नाही. कडेवरची मुलगीही त्याच आठवड्यात गेली. आत्या याबद्दल कधी बोलली नाही. तिनं फक्त प्रत्येक वाक्याला ती शेपटी लावायला सुरुवात केली.

मी तिच्याजवळ राहिलो, तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि ती सवय मलाही लागली. गावाकडच्या मुलाला अंगाला माती लागलेली कळत नाही, तशी ती मला कळलीच नाही.

आमच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात नाना भाषांची मुलं होती. विणकरांच्या घरची मुलं घरी तेलुगू बोलत, अक्कलकोटकडची कानडी बोलत. इंग्रजी सगळ्यांनाच सारखं परकं होतं, त्यामुळे त्या एका बाबतीत कोणी कोणाला कमी लेखत नव्हतं. आमचे इंग्रजीचे मास्तर बारीक अंगाचे, काळी टोपी घालणारे आणि अतिशय चिकाटीचे होते. क्रियापदाचे काळ ते एकेक करून आठवडा-आठवडा घोटून घेत. शेवटी चालू पूर्ण भविष्यकाळ आला. त्यांनी फळ्यावर लिहिलं: आय शॅल हॅव बीन रीडिंग.

माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र होटगीहून रोज गाडीनं यायचा. त्याचे वडील तिथल्या जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. तो माझ्या कानाशी म्हणाला, "मालगाडी आली रं. शॅल इंजिन, हॅव डबा, बीन डबा, आन मागं आयएनजीचा गार्ड."

मास्तरांनी ऐकलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. मग या गाडीत बसायचं कसं तेही सांगतो." त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, तिच्या पुढच्या टोकाला गिरणीचं धुराडं काढलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुझी आत्या गिरणीत आहे ना? आता किती वाजले ते विसर. संध्याकाळचा भोंगा अजून व्हायचाय. पण तू मनानं आत्ताच त्या भोंग्यापाशी जाऊन उभा राहा आणि मागं वळून बघ. काय दिसतं?"

"आत्या दिसते, सर."

"काय करते?"

"रिळं भरते."

"केव्हापासून?"

"सकाळपासून, सर."

"मग झालं! भोंगा होईल तेव्हा आत्या सकाळपासून रिळं भरत आलेली असेल. पुढं जायचं, उभं राहायचं, मागं बघायचं. हा काळ म्हणजे एवढंच."

मला ते एकदम कळलं. व्याकरणातली एखादी गोष्ट नुसती पाठ न होता कळली, असं तोवर फार वेळा घडलं नव्हतं. आत्या त्या रेघेवर दिवसभर उभी असलेली मला दिसली. पण दुसऱ्याच क्षणी मला ते फार धाडसाचं वाटलं. भोंगा अजून झालेला नाही, आणि आपण तो झाल्यासारखं आणि तोवर सगळं सुरळीत चाललं असल्यासारखं बोलतो आहोत. साध्या भविष्यकाळात माणूस निदान एकच गोष्ट धरून चालतो. या काळात मधले सगळे दिवसही धरून चालायचे. माझे ओठ आपोआप हलले.

मास्तरांनी घरी या काळाची वाक्यं लिहून आणायला सांगितली. मी चिमणीच्या उजेडात मन लावून लिहिली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझी वही उघडली, वाचली, परत वाचली आणि टोपी सारखी केली.

"ऐका रे. 'पुढच्या दिवाळीला मी सोलापुरात पाच वर्षं राहत आलेलो असेन, इफ आय लिव्ह.' पुढचं. 'पावसाळा येईल तेव्हा माझे वडील सहा महिने मेंढरं चारत आलेले असतील, इफ दे लिव्ह.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यात जगायचं कोणी, वडिलांनी की मेंढरांनी?"

"सगळ्यांनीच, सर."

वर्ग खो खो हसला. मास्तर वही मिटून म्हणाले, "अरे, हे व्याकरण आहे की मृत्युपत्र? माणूस एवढा हिशेबानं भविष्यात जाऊन उभा राहिलाय, आणि तू त्याच्या पायाखालची फळी काढून घेतोस! ही शेपटी काढ. परीक्षकाला तुझ्या आयुष्याची काळजी नाही, त्याला क्रियापद हवंय."

मी शेपटी काढली. शब्द वहीतून गेले. पण तोंडातून जाईनात. एकेक वाक्य लिहून झालं की पूर्णविराम देताना मी हळूच "जगलो-वाचलो तर" म्हणू लागलो. कागदावर नाही, मग हवेत तरी असू दे, असं काहीसं मनात असे. मित्राच्या ते लक्षात आलं होतं. तो म्हणे, "तुज्या मालगाडीचा शेवटचा डबा सरांनी काढला, म्हणून तूच झेंडी घिऊन मागनं पळतुस की."

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी आमची शाळेची परीक्षा असे. तिला आम्ही प्रिलिमिनरी म्हणत असू. तिच्यात पास होणाऱ्याचंच नाव शाळा मॅट्रिकला पाठवी. वडिलांचा निरोप आलेला होता की यंदा मॅट्रिकला बसला तर ठीक, नाहीतर मेंढरांकडं माणूस कमी आहे. म्हणजे त्या परीक्षेत माझी सगळी शाळाच टांगलेली होती. पुन्हा एक वर्ष मिळणार नव्हतं.

इंग्रजीच्या पेपराला ड्रॉइंगचे मास्तर पहाऱ्याला होते. माणूस सज्जन, पण नजर अशी की कागदावरची अर्ध्या जवाची चूक दिसावी. पेपर मला सोपा गेला. शेवटचा प्रश्न नेमका त्याच काळाचा होता: या काळाचा उपयोग करून वाक्यं लिहा. मला इतका आनंद झाला की मी धुराडं, रेघ, भोंगा सगळं डोळ्यांपुढं आणलं आणि लिहीत सुटलो. एक वाक्य, पूर्णविराम, ओठ. दुसरं वाक्य, पूर्णविराम, ओठ. मित्र शेजारच्याच बाकावर होता आणि खिडकीतला उजेड त्याच्या बाजूनं येत होता म्हणून माझं तोंडही तिकडंच होतं.

माझ्या कागदावर एक हात पडला.

"ऊठ," ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले. "मघापासून बघतोय. वाक्य लिहितोस आणि याला सांगतोस. तूही ऊठ रे."

"सर, मी सांगत नव्हतो."

"मग ओठ का हलत होते?"

साऱ्या वर्गासमोर काय सांगणार?

मित्र मात्र पुढं झाला. "सर, माजा कागद बघा की. ह्या प्रश्नाला मी हातच लावला न्हाय. त्यानं सांगितलं असतं तर मी सोडला असता का?"

"वेळेत पकडलं म्हणून तुझा राहून गेला," मास्तर म्हणाले आणि आम्हा दोघांचे कागद घेऊन गेले.

हेडमास्तरांच्या खोलीत मी खरं ते सांगितलं. मी "जगलो-वाचलो तर" असं म्हणत होतो. हेडमास्तर उंच, शांत आणि कमी बोलणारे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पकडलं गेल्यावर मुलं पुष्कळ काही म्हणत होती असं सांगतात. रामरक्षा म्हणत होतो, असंही एकानं सांगितलं होतं. नंतर तो पाढे म्हणत होता असं निघालं." इंग्रजीचे मास्तर तिथं उभे होते. ते माझी बाजू घेतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "वहीत हा असं काहीतरी लिहीत असे खरा, पण मी ते काढायला लावलं होतं." म्हणजे तेही आता खात्रीनं सांगू शकत नव्हते. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "उद्या घरचं माणूस घेऊन ये. मॅट्रिकची नावं परवा जायची आहेत. उद्या उलगडा झाला नाही, तर तुमची दोघांची नावं जाणार नाहीत."

मित्र स्टेशनाकडे माझ्या चार पावलं पुढं चालत राहिला. नेहमी माझ्या खांद्यावर हात टाकून बडबडत चालणारा तो, त्यामुळे ते मला फार लागलं. फाटकापाशी पोचल्यावर एवढंच म्हणाला, "आत्याला आण. माजा बाप ड्युटी सोडून येऊ शकत न्हाय."

संध्याकाळी आत्या आली. मी तिच्या केसांतले तंतू काढायला बसलो, पण तंतूबरोबर केसही ओढला. तिनं मान वळवली.

"काय झालं?"

"परीक्षेत शेजारच्याला उत्तरं सांगितली म्हणून धरलंय मला. उद्या तुला बोलवलंय."

"सांगितलीस?"

"न्हाय."

"शपथ?"

"तुझी."

"मग जाऊ की," ती म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

ओठ का हलत होते ते मी तिला सांगितलं नाही. तिच्या बोलण्याला वर्ग हसला होता हे तिला कळू नये, असं मला वाटलं. शिवाय तिच्यामुळं आपण अडकलो असं तिच्या मनात यायला नको होतं. भाकरी थापताना ती म्हणाली, "सायबाला सांगू, पोरगं खरं बोलतंय. मग त्यो तुजं नाव धाडंल," आणि सवयीनं पुढचं ओठांत म्हणाली. ते ऐकून मला रडू आलं. तिला वाटलं धूर लागला.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत जाऊन सुट्टी मागून आली. बायकांच्या खात्यावरची नायकीण तोंडाची फटकळ होती. "भाच्याला बालिष्टर करायला निघालीस व्हय?" असं तिनं विचारलं म्हणे. आत्यानं सांगितलं, "आधी मॅट्रिक तर होऊ दे. बालिष्टरचं मागनं बघू, जगलो-वाचलो तर." धुवट लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन ती माझ्याबरोबर शाळेत आली. वहाणा तिनं पायरीखालीच काढल्या. त्या शाळेच्या पायऱ्या ती पहिल्यांदाच चढत होती.

खोलीत हेडमास्तर, इंग्रजीचे मास्तर आणि ड्रॉइंगचे मास्तर होते. मी आणि माझा मित्र भिंतीशी उभे होतो. हेडमास्तरांनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"तुम्ही याच्या कोण?"

"आत्या. बापाची थोरली भन."

"हा परीक्षेत या मुलाला उत्तरं सांगत होता, असं आमच्या मास्तरांचं म्हणणं आहे."

"ह्यो?" आत्यानं माझ्याकडं पाहिलं. "सायेब, ह्याला घरात मिठाची वाटी कुटं हाय ते सांगता येत न्हाय. उत्तरं काय सांगतोय डोंबलाची!"

मित्राला फिस्सकन हसू आलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी त्याच्याकडं पाहिल्यावर तो परत गंभीर झाला.

"बाई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले. "वाक्य संपलं की ओठ हलायचे. प्रत्येक वाक्याला."

"कसलं वाक्य?" आत्यानं विचारलं.

हेडमास्तरांनी टेबलावरचा माझा कागद उचलून इंग्रजीच्या मास्तरांकडं दिला. "मराठीत सांगा यांना."

इंग्रजीचे मास्तर मोठ्यानं म्हणाले, "'येत्या दसऱ्याला माझी आत्या गिरणीत दहा वर्षं काम करत आलेली असेल.'"

मी खाली मान घालून उभा होतो. ड्रॉइंगच्या मास्तरांचा आवाज ऐकून मी वर पाहिलं.

"हेच! अगदी हेच! अस्सेच हलत होते!"

ते आत्याकडं बोट दाखवत होते. आत्या भांबावली. तिनं पदर तोंडावर ओढला. "मी काय केलं?"

"आत्ता तुम्ही काय म्हणालात?" हेडमास्तरांनी विचारलं.

"काय न्हाय."

"ओठ हलले तुमचे."

"ते व्हय?" तिला हायसं वाटलेलं दिसलं. "ते आपलं रोजचं. दसऱ्याचं बोलला न्हवं का ह्यो मास्तर? मग जगलो-वाचलो तर, असं म्हणलं. ह्यानं म्हणलं न्हाय, म्हणून मी म्हणलं."

हेडमास्तर खुर्चीत पुढं सरकले. मला वाटतं, त्यांना अजून थोडी खात्री करून घ्यायची होती. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाऊस यंदा वेळेवर येईल म्हणतात."

आत्याचे ओठ हलले.

"स्टेशनाकडच्या रस्त्याचं काम उन्हाळ्यात पुरं होईल."

पुन्हा हलले. आता माझ्या मित्राचे डोळे लकाकू लागले होते.

"आणि माघात माझ्या मुलीचं लग्न आहे. पुढच्या दसऱ्याला ती..." हेडमास्तर क्षणभर अडखळले आणि इंग्रजीच्या मास्तरांकडं पाहून किंचित हसले. "ती आपल्या घरी सुखानं नांदत आलेली असेल."

या वेळी आत्यानं ओठांत म्हटलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "जगलो-वाचलो तर!" आणि एक पाऊल पुढं येऊन, "तुमी बी म्हणा, सायेब. लेकीचं हाय. लेकीचं बोलताना असं मोकळं सोडू नये."

त्या खोलीत हेडमास्तरांना असं काही सांगण्याची कोणाची छाती नव्हती. मी डोळे मिटून घेतले. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच शांत.

"जगलो-वाचलो तर," ते म्हणाले.

"आता बरं झालं," आत्या म्हणाली.

ड्रॉइंगच्या मास्तरांनी आपण होऊन माझा कागद टेबलावर नीट ठेवला आणि म्हणाले, "माझी नजर चुकली नव्हती, पण कान नव्हते तिथं." त्यांच्या तोंडून एवढं येणं फार झालं. हेडमास्तरांनी आमचे दोघांचे कागद तपासायला इंग्रजीच्या मास्तरांकडं सोपवले आणि आत्याला म्हणाले, "याचं नाव जाईल, पास झाला तर. या दुसऱ्याचंही." आत्यानं वाकून नमस्कार केला. बाहेर पडताना इंग्रजीच्या मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी कागदावरची शेपटी काढायला सांगितली होती," ते म्हणाले. "मनातली कोणी काढायला सांगितली नाही. पण ओठ मिटून म्हण, बाबा."

आम्ही पायऱ्या उतरलो आणि आत्यानं वहाणा पायांत घातल्या. मित्र आत्याच्या पाया पडला. "आत्या, तुमी नसता तर मी आज सांधे बदलत बसलो असतो बगा."

"त्यात काय वंगाळ हाय? तुजा बाप बदलतोच की," आत्या म्हणाली, आणि दोघंही हसले.

चाळीकडं जाताना मी तिला सगळं सांगितलं, वर्ग हसला होता तेही. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी विंग्रजीत असं बोलाया येतं? न भिता? दसऱ्यापातुर सगळं झालं असं धरून?"

"येतं."

"लई धीराची माणसं असतील," ती म्हणाली. त्यात थट्टा नव्हती. पुढं वळणावर ती थांबली. "हे बघ. मोठ्या परीक्षेत तू तोंड मिटून लिव. अजाबात म्हणू नगं. मी हितं तुज्या वाटचं म्हणंन. दिवसभर म्हणंन. तुला कोण धरायचं न्हाय आन मला कोण विचारायचं न्हाय."

तसंच झालं. मॅट्रिकच्या पेपरांना मी ओठ दाताखाली धरून लिहिलं. तिकडं गिरणीत आत्या रिळांपुढं उभी राहून दिवसभर पुटपुटत होती, असं नायकिणीनं मला नंतर सांगितलं. "मला वाटलं, हिला लागीर झालं." मी पास झालो. माझा मित्रही काठावर पास झाला आणि सोलापूर स्टेशनातच कारकून म्हणून चिकटला. वडिलांनी मेंढरांसाठी दुसरा माणूस बघितला. मास्तरांच्या खटपटीनं मला पुण्याला कॉलेजात जाता आलं. वसतिगृहातली ती वर्षं मी काढली ती या एका भरवशावर की सोलापुरात कोणीतरी माझ्या वाटचं म्हणत असेल.

बी. ए. चा निकाल लागला त्या दिवशी दुपारी मी टपालकचेरीच्या ओट्यावर बसून तिला पत्र लिहिलं. ते तिनं पुढं पितळी डब्यात जपून ठेवलं होतं, म्हणून जसंच्या तसं देता येतं.

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. हे पत्र तुला माझा होटगीचा मित्र वाचून दाखवील. त्यालाही नमस्कार. त्यानं मध्ये आपल्या पदरचं काही घालू नये.

मी बी. ए. पास झालो. आपल्या शाळेतून हेडमास्तरांचं पत्र आलं आहे. जूनपासून मला तिथं इंग्रजी शिकवायला घेतलं आहे. रविवारच्या गाडीनं येतो.

गिरणीत नायकिणीला सांगून ठेव की आता दुसरी बाई बघ. तू रागावशील हे मला ठाऊक आहे. मी आल्यावर रागाव.

आता खाली काही वाक्यं लिहितो. ती त्याच काळातली आहेत, ज्याच्यापायी तुला शाळेत यावं लागलं. मराठीत ती जरा लांब वाटतील. त्यांत 'जगलो-वाचलो तर' लिहिलेलं नाही. मास्तरांनी ते काढायला लावलं होतं. म्हणून मित्रानं प्रत्येक वाक्यानंतर थांबावं, आणि तुझे ओठ हलून झाल्यावरच पुढं वाचावं. गड्या, तुझी होटगीची गाडी पाचचीच का असेना, घाई करू नकोस.

येत्या दसऱ्याला मी आपल्या शाळेत चार महिने शिकवत आलेलो असेन.

येत्या दसऱ्याला सकाळचा भोंगा ऐकूनही अंथरुणात पडून राहायला तू चार महिने शिकत आलेली असशील, आणि तरीही तुला ते जमत नसेल.

येत्या दसऱ्याला आपण चाळ सोडून दोन खोल्यांच्या, स्वतंत्र दाराच्या घरात राहत आलेलो असू.

आणि त्या संध्याकाळी तू आणि मी त्या आपल्या दारात उभे राहून, दिवस कलल्यापासून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सोनं वाटत आलेलो असू.

इथं जास्त वेळ थांब, मित्रा. यापुढं मी काही लिहिलेलं नाही. पुढचं तिला म्हणू दे."